धर्मशाळेतल्या दोन पेट्या

कुमुदिनी गहूकरच्या हिशेबात माणसांचे दोनच प्रकार होते: पान पूर्ण भरणारे आणि पान अर्धवट सोडणारे. ती पहिल्या प्रकारातली. दुसऱ्यात तिचा नवरा पुंडलिक मोडायचा आणि ऑफिसातले उमाठेभाऊही मोडायचे. तिचं घर आणि तिची नोकरी या दोन अर्धवट माणसांच्या भरवशावर चालली आहे, असं कोणी म्हटलं असतं तर तिने वही काढून पुरावा मागितला असता.

वही खरोखरची, कागदी होती. एका पानावर चाळीस ओळी, तळाशी आडवी रेघ, रेघेखाली सही. सन २०४१ मध्ये नागपूरच्या मिहानमधल्या 'मध्यबिंदू क्लाउड' या कंपनीत एवढी एकच वही होती आणि नवे लोक ती बघायला म्हणून तिच्या टेबलाशी यायचे. कुमुदिनी त्यांना सांगायची की पडद्यावरचं दर वर्षी बदलतं, हे बदलत नाही. ते हसायचे. ती हसायची नाही. हसणं हा तिचा रोजचा खर्च नव्हता.

मध्यबिंदूत हजारो सर्व्हर होते आणि त्यातला एकही खरा नव्हता. खरी होती ती थंड हॉलमधली मोठाली यंत्रं. त्यांच्या पोटात हे आभासी सर्व्हर, भाड्याच्या खोल्यांसारखे. हवे तेव्हा उभे करायचे, नको तेव्हा मोडायचे. पण अशा सर्व्हरला स्वतःचा खिसा नसतो. मोडला की त्याला काही आठवत नाही. म्हणून जे टिकवायचं ते वेगळ्या पेटीत ठेवतात आणि पेटी सर्व्हरला जोडतात. कागदोपत्री तिला व्हॉल्यूम म्हणायचे, अशा पेट्या सांभाळणारी कुमुदिनीसारखी राखणदार मंडळी पेटी म्हणायची. आत एका मापाचे लाखो ठोकळे, प्रत्येकावर नंबर, प्रत्येकात थोडी थोडी माहिती. पेटी इथून सोडवून तिथे जोडता येते. तिचा एका क्षणाचा फोटो काढून त्यावरून हुबेहूब दुसरी पेटी बनवता येते. आणि पेटी मोडताही येते. मोडली की तिची किल्ली त्याच क्षणी नष्ट होते. ठोकळे नंतर सापडले तरी ती कुलूपबंद रद्दी.

कुठल्याच सर्व्हरला न जोडलेली पेटी चोवीस तास पडून राहिली की कंपनीचा एक प्रोग्राम येऊन ती मोडून टाकायचा. त्याला सगळे झाडणी म्हणायचे. झाडणीला दयामाया नव्हती आणि गिऱ्हाइकांना शिस्त नव्हती. आज नको म्हणून सोडवलेली पेटी तेराव्या दिवशी रडत मागायला यायची. यावर राखणदारांनी एक तोडगा काढला होता. काही काम न करणारा एक छोटा सर्व्हर उभा करायचा आणि बेवारस पेट्या त्याला जोडून ठेवायच्या. जोडलेली पेटी दिसली की झाडणी पुढे जाते. या सर्व्हरचं नाव धर्मशाळा. तिची कल्पना कुमुदिनीचीच, नऊ वर्षांपूर्वीची. बंगळूरच्या वरिष्ठांना तिचा पत्ता नव्हता. नियमात ती बसत नव्हती, म्हणून तिची नोंद फक्त वहीत होती.

धर्मशाळेत अठ्ठावीस पेट्यांची जागा. दर तीन महिन्यांनी कुमुदिनी नवी धर्मशाळा उभी करायची, हव्या असलेल्या पेट्या तिकडे हलवायची आणि जुनी मोडायची. हे तिने पस्तीस वेळा केलं होतं. छत्तिसाव्या वेळी काय झालं ते सांगायचं तर आधी कानाची गोष्ट सांगावी लागेल.

पुंडलिकला एकतिसाव्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि दोन्ही कान गेले. लग्नाला तेव्हा पाच वर्षं झाली होती. हनुमाननगरात त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान. कान गेल्यावर तो तळहात ठेवून मोटर तपासायला शिकला, ओठ वाचायला शिकला, आणि तेरा वर्षं तसाच राहिला. मग आठ वर्षांपूर्वी नवा कान आला.

कानाच्या नसेत तारा बसवून आवाजाचे ठोके पाठवणं ही जुनी गोष्ट. त्यात माणसाचं बोलणं डब्यात खडे हलवल्यासारखं ऐकू यायचं. नव्या यंत्रणेने एवढंच केलं की शिकण्याचं ओझं एकट्या मेंदूवर टाकलं नाही. कान ठोके पाठवतो, मेंदूने ते ओळखले की गोंधळला हे नसेवरून परत वाचतो, आणि दिवसभराची ही देवाणघेवाण चार्जिंगच्या स्टँडवर ठेवल्यावर दूरच्या सर्व्हरला कळवतो. सर्व्हर त्यातून ठोक्यांची भाषा सुधारतो आणि सुधारलेली भाषा कानाला परत देतो. मेंदू कानाला शिकवतो, कान मेंदूला. सात-आठ वर्षांत त्या दोघांची अशी भाषा होते की तिसऱ्या कोणाला ती बसणार नाही. ती सगळी एका पेटीत असते. कानाच्या आत फक्त चार दिवसांची शिदोरी. चार दिवसांत पेटीशी गाठ पडली नाही, तर कान कारखान्यातून आला तसा कोरा होतो.

या कानाने पुंडलिक बेअरिंगची कुरकुर ऐकून मोटर उघडण्याआधी रोग सांगू लागला. एप्रिल-मे मध्ये, कूलरच्या दिवसांत, अजनीपासून माणसं मोटरी घेऊन यायची. घरात मात्र कुमुदिनीच्या मते तोटाच झाला. तेरा वर्षं दोघांत भांडण झालं नव्हतं. कान आल्यावर तिला कळलं की तिला बोलण्यासारखं किती साठलं होतं.

हा कान विकणाऱ्या कंपनीच्या पेट्या मध्यबिंदूतच होत्या. पुंडलिकची त्यातली कुठली हे कुमुदिनीने कधी शोधलं नाही. पेट्यांना फक्त नंबर असतात, आणि तिला ते बरं वाटायचं.

त्या गुरुवारी जुन्या हॉलमधल्या चाळीस पेट्या नव्या हॉलमध्ये न्यायच्या होत्या. रीत अशी: पेटीत लिहिणारा सर्व्हर सहा मिनिटं थांबवायचा, फोटो काढायचा, नवी पेटी बनवून जोडायची, जुनी सोडवायची. थांबवायचं कारण साधं आहे. धावत्या माणसाचा फोटो काढला तर एक पाय इथे आणि एक तिथे येतो. अडतीस पेट्या झाल्या तेव्हा तिची पाळी संपली होती, घरी जाणारी बस खाली उभी होती, आणि वहीच्या पानावर दोन ओळी कोऱ्या होत्या. तिने त्या दोन ओळींकडे पाहिलं. शेवटच्या दोन पेट्यांचे फोटो तिने सर्व्हर न थांबवता काढले, ओळी भरल्या, रेघ मारली, सही केली.

शुक्रवारी सकाळी उमाठेभाऊंनी सवयीने त्या चाळीस नव्या पेट्या तपासल्या. शेवटच्या दोन फाटक्या निघाल्या, आत अर्धे ठोकळे आधीचे, अर्धे नंतरचे. उमाठेभाऊंच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते आणि कोणाला टोकायचं नाही हे त्यांनी तीस वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. त्यांनी त्या दोन्हींच्या जुन्या पेट्या गुपचूप उचलून धर्मशाळेत जोडल्या. म्हटलं, बाईला जेवण झाल्यावर सांगू, नीट दुसऱ्यांदा फोटो काढू. वहीत नोंद केली नाही. वही बाईची होती, आणि बाई जागेवर नव्हत्या.

नेमकी त्या दिवशी धर्मशाळा बदलायची होती.

एक वाजता कुमुदिनीने वही उघडली. वहीत धर्मशाळेच्या सव्वीस पेट्या होत्या. तिने सव्वीस हलवल्या, सव्वीस खुणा केल्या, आणि जुनी धर्मशाळा मोडण्याचं बटण दाबलं. पडद्यावर त्या क्षणी कितीचा आकडा होता ते तिने वाचलं नाही. जे वहीत आहे ते पडद्यावर वाचण्याची तिला गरज वाटली नाही.

एक वीसला उमाठेभाऊ डबा धुऊन आले.

"ताई, त्या दोन पेट्या नव्या धर्मशाळेत घेतल्या ना तुम्ही?"

"कोणत्या दोन?"

उमाठेभाऊंनी डबा टेबलावर ठेवला. मग त्यांनी सगळं सांगितलं, खालच्या आवाजात, तिच्याकडे न बघता. कुमुदिनीला ऐकता ऐकता कळलं की जुन्या धर्मशाळेसोबत त्या दोन्ही पेट्याही तिने नुकत्याच मोडल्या. पेटी धर्मशाळेत जोडताना पडद्यावरची एक खूण काढून टाकावी लागते. नाही काढली तर सर्व्हर मोडला की त्याच्यासोबत जोडलेली पेटीही मोडते. तिचा हात ती खूण आपोआप काढायचा. उमाठेभाऊंना तशी काही खूण असते हेच ठाऊक नव्हतं.

"एक त्या टाइल्सच्या कारखान्याची," उमाठेभाऊ कागद बघत म्हणाले. "त्यांच्याकडे त्यांची वेगळी प्रत असते, ते ओरडतील आणि गप होतील. दुसरी कानवाल्यांची. कान नंबर सदोतीस, शून्य दोन, सत्त्याहत्तर चाळीस."

हा नंबर घरातल्या फ्रिजवर लावलेल्या, पुंडलिकच्या कानाच्या कार्डावर होता. आठ वर्षं ती दूध काढताना तो वाचत होती.

तिने आधी घड्याळ पाहिलं. त्या बायकांपैकी ती होती ज्या घाबरल्या की वेळ मोजतात. पुंडलिक दीडला जेवतो. दोनला दुकानातल्या बाकावर आडवा होतो, कान काढतो, दिवसातून एकदाच काय तो स्टँडवर ठेवतो. स्टँडवर कान गेला की तो सर्व्हरला विचारणार, आणि सर्व्हर त्याला नव्या पेटीतली भाषा देणार. फाटकी. शिदोरीत आज सकाळपर्यंतचं चांगलं होतं ते त्याखाली पुसलं जाणार. एक तेवीस झाले होते.

तिने फोन लावला. वाजत राहिला. एप्रिलात दुकानात मोटरी घरघरत असतात, त्याला फोन कळत नाही. उमाठेभाऊ म्हणाले, नवी पेटी आपण सर्व्हरपासून सोडवली तर? ती म्हणाली, सर्व्हर आहे आणि पेटी नाही असं दिसलं तर कान स्वतःला कोरा करून घेतो, त्यापेक्षा फाटकं बरं. आणि सर्व्हर थांबवावा तर सहा मिनिटांनी तो आपोआप परत उठतो. कानाच्या कंपनीच्या क्रमांकावर एका यंत्राने तिची तक्रार अत्यंत महत्त्वाची असल्याचं सांगितलं. दुकानासमोरच्या औषधवाल्या भाभींचा फोन बंद होता.

उमाठेभाऊंनी खिशातून आपल्या स्कूटरची चावी काढून तिच्या वहीवर ठेवली.

वर्धा रोडवर त्या वेळी ऊन असं होतं की हेल्मेटच्या आत डोळे मिटावेत. चिंचभवनपाशी पुलाचं काम, अजनीला सिग्नल. प्रत्येक सिग्नलला ती मनात एक ओळ लिहीत होती: एक एकेचाळीस, एक अठ्ठेचाळीस. मेडिकल चौकात एका ट्रकने रस्ता आडवला तेव्हा दोन वाजून एक मिनिट झालं होतं आणि पुंडलिक वेळेच्या बाबतीत, फक्त याच एका बाबतीत, तिच्यासारखा होता.

ती दुकानात शिरली तेव्हा तो बाकावर डोळे मिटून पडला होता. कान स्टँडवर होता.

स्टँडचा दिवा निळा झाला की देवाणघेवाण चालू असते. दिवा निळा नव्हता. हिरवाही नव्हता. तो लागलेलाच नव्हता. तिने वायर धरून धरून शेवटापर्यंत पाहिलं. स्टँडचा प्लग जमिनीवर पडलेला होता, आणि दुकानातल्या एकुलत्या एका सॉकेटमध्ये कोणाच्या तरी कूलरची मोटर लावलेली होती, ती संथ फिरत होती.

तिने कान उचलून पदरात गुंडाळला आणि खालीच बसली.

पुंडलिकने डोळे उघडले. कान नसताना तो थोडा मोठ्याने बोलायचा. "काऊन धावत आली? ऑफिस बंद पडलं काय?"

मग तिने ओठांनी सांगितलं, आवाज न काढता, पूर्वी तेरा वर्षं सांगायची तसं. कोऱ्या दोन ओळींपासून. बहिऱ्या नवऱ्याला एक सोय असते: ऐकायचं नसेल तर डोळे मिटले की झालं. पुंडलिकने शेवटपर्यंत मिटले नाहीत.

"म्हणजे," तो म्हणाला, "मी भिंतीत दुसरा प्लग लावून घेतला असता, तर?"

"तर आत्ता तुमच्या कानात चिंध्या असत्या."

"तीन वर्षं झाली तू त्या प्लगच्या मागं लागून राहिली."

तिने पदराची गाठ आणखी घट्ट केली. उत्तर येत नाही असं पाहिल्यावर त्याला पहिल्यांदा भीती वाटली.

शनिवारी सकाळी दोघं कानाच्या दवाखान्यात, धंतोलीला, डॉक्टर झीनत काझींसमोर बसले. कान साध्या वायरने चार्ज केलेला, स्टँडपासून दूर. डॉक्टर काझी अशा बाई होत्या की वाईट बातमी आधी सांगायच्या आणि चहा नंतर मागवायच्या.

दोन वाटा आहेत, त्या म्हणाल्या. एक, कंपनीकडे या पेटीचा दिवाळीतला फोटो आहे, सहा महिन्यांपूर्वीचा. पूर्ण आहे. पण सहा महिन्यांत नस थोडी सरकली आहे, मेंदूने नवं शिकलं आहे. जुनी भाषा आता सगळ्याच आवाजांना थोडी थोडी चुकीची बसेल. सगळं ऐकू येईल आणि काहीच ओळखीचं वाटणार नाही. जुळायला चार महिने, कदाचित पाच. दुसरी वाट म्हणजे कानातली शिदोरी बाहेर काढायची आणि तिचीच नवी पेटी करायची. ती आजच्या नसेला बरोबर बसेल. पण शिदोरीत सगळं नसतं.

"काय असतं?" कुमुदिनीने विचारलं.

"जे जास्त लागतं ते. सहाशे प्रकारचे आवाज मावतात. उरलेले पेटीत असतात, लागले की कान ते एकेक करून मागवतो. आताची पेटी फाटकी, म्हणून ते मागवणं मी बंद केलं आहे. शिदोरीबाहेरचं सगळं नव्याने शिकावं लागेल. आणि दोन्हींची गोळाबेरीज नाही करता येत, ते मला विचारू नका. एका भाषेतले शब्द दुसरीत चिकटवल्यासारखं होतं."

त्यांनी शिदोरीची यादी पडद्यावर उघडली. नावं नव्हती. नुसते क्रमांक, आणि प्रत्येकापुढे गेल्या वर्षात तो आवाज किती तास ऐकला त्याचा आकडा, मोठ्यापासून लहानाकडे. कुमुदिनीने आयुष्यात पुष्कळ याद्या पाहिल्या होत्या. ही तिला बघवेना. खोलीत आवाज झाला की त्याची ओळ उजळेल, डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी पंखा लावला. पस्तिसावी ओळ उजळली. पुंडलिकने फोनवर भरून आणलेले मोटरींचे आवाज वाजवले. पहिल्या शंभरातल्या साठेक ओळी झगमगल्या, दिवाळीसारख्या. बेअरिंग, पट्टा, सैल झालेला पंखा, सगळं होतं.

"आता तुम्ही बोला," डॉक्टर कुमुदिनीला म्हणाल्या. "घरी बोलता तसं."

तिला काही सुचेना. मग ती म्हणाली, जेवायला या, भात थंड होतो. चौथी ओळ उजळली. ती म्हणाली, किती वेळा सांगायचं. दुसरी ओळ. ती म्हणाली, दुकानात एक प्लग जास्तीचा लावून घ्या. पहिली.

मोटरींच्याही वर.

पुंडलिक खुर्चीत सरकून बसला. "पाहा डॉक्टर," तो म्हणाला. "खोटं बोलत होतो काय मी."

त्यावर कुमुदिनी हसली. ठरवून नाही, कालपासून अडकलेलं काहीतरी सुटलं आणि ती हसली, नाकातून सुरू होऊन मोठ्याने, खांदे हलवत. हसता हसता तिची नजर पडद्यावर गेली आणि हसू तिथेच संपलं.

एकही ओळ उजळली नव्हती.

डॉक्टरांनी यादी खालपर्यंत सरकवली, पुन्हा वर आणली. "नाही," त्या म्हणाल्या. "हा आवाज शिदोरीत नाही. फार कमी वेळा लागला असणार."

पुंडलिकने कानाला हात लावला. त्याचा चेहरा आक्रसला होता. तिने विचारलं, काय ऐकू आलं. तो म्हणाला, काही नाही. तिने पुन्हा विचारलं. तो म्हणाला, पत्रा ओढल्यासारखं.

चहा आला. तो कोणी घेतला नाही. सोमवारी दुपारी दोनच्या आत काय ते ठरवायला हवं होतं, नंतर कान आपोआप कोरा होणार होता. कुमुदिनीने मनातल्या मनात दोन रकाने केले. डाव्या बाजूला जुना फोटो: त्यात तिचं हसणं आहे, पण एप्रिल, मे, जून दुकान बंद. उजव्या बाजूला शिदोरी: दुकान आहे, आणि ती आहे, पण फक्त किरकिरणारी. बेरीज जमेना. तिने पुंडलिककडे पाहिलं.

"शिदोरी," तो म्हणाला. "कूलरचे दिवस आहेत. आणि तुझं बोलणं पुन्हा पहिल्यापासून शिकायला माझ्यात दम नाही. हसणं शिकून घेऊ. ते थोडंच असते."

तिला लागलं. तो थट्टेत म्हणाला हे तिला कळलं, आणि खरं तेच म्हणाला हेही कळलं.

शिदोरीची पेटी करायला डॉक्टरांना एक कागद हवा होता. मूळ पेटी कशी गेली, ते राखणदाराने स्वतः लिहून द्यायचं. तांत्रिक बिघाड असं लिहिलं तर चौकशी बसते आणि चौकशीला पंधरा दिवस लागतात. खरं कारण आणि सही असेल तर आजच होतं. कागदावर तीन ओळी होत्या.

तिने बाहेर येऊन उमाठेभाऊंना फोन केला. धर्मशाळेचं लिहावं लागेल, म्हणाली. चौदा महिने म्हणजे चारशे वीस दिवस, ती मोजत होती आणि तेही मोजत असावेत.

"माझं नाव टाका ताई," ते म्हणाले. "नोंद न करता पेट्या ठेवल्या त्या मीच."

"मावत नाही. तीनच ओळी आहेत."

पहिल्या ओळीत तिने लिहिलं की फोटो सर्व्हर न थांबवता काढला. दुसरीत, पडदा न बघता सर्व्हर मोडला. तिसरीत, धर्मशाळा नावाची व्यवस्था माझी आहे. खाली सही. उमाठेभाऊंचं नाव कुठेच बसवलं नाही. वहीत बरोबर आणि माणसांशी चूक असं ती आजवर वागत आली होती. या वेळी तिने उलट करून पाहिलं, आणि हाताला ते इतकं अनोळखी वाटलं की सही थोडी वाकडी आली.

सोमवारी बंगळूरच्या साहेबांनी पडद्यावरून तिला तासभर उभं केलं. नऊ वर्षांत धर्मशाळेतली किती गिऱ्हाइकं परत पेटी मागायला आली, त्यांनी विचारलं. तिने वही उघडली. दोनशे अकरा. साहेबांनी आकडा लिहून घेतला. मग त्यांनी निर्णय सांगितला: धर्मशाळा बंद, झाडणीची मुदत चोवीस तासांवरून वीस दिवस, आणि गहूकरबाईंना इथून पुढे पेटी जोडता येईल, मोडता येणार नाही. मोडायचं बटण उमाठेभाऊंकडे गेलं. ते दर वेळी दाबण्याआधी तिला हाक मारू लागले. ती पडद्यावरचा आकडा मोठ्याने वाचायची, मगच ते दाबायचे.

घरी तिने नव्या पानावर रकाने आखले. तारीख. कशाला हसले. यांना काय ऐकू आलं.

डॉक्टरांनी बजावलं होतं की खोटं हसणं चालणार नाही. खोट्यासाठी वेगळी ओळ तयार होईल आणि खऱ्याची जागा अडवेल. आता रोज एकदा खरं हसायचं म्हणजे काय, हे ज्याने करून पाहिलं नाही त्याला कळायचं नाही. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसायचे. पुंडलिक गिऱ्हाइकांच्या गमती सांगायचा, ती हसू येतं का वाट बघायची, आणि वाट बघितल्यामुळे ते यायचं नाही. पहिल्या आठवड्यातल्या चार ओळींपुढे तिने प्रामाणिकपणे 'खोटं' असं लिहिलं आणि पत्रा. बाकीच्या तीनपुढेही पत्रा. त्याला त्रास व्हायचा. दात शिवशिवायचे, म्हणायचा. तरी कान काढत नव्हता. एकदा ती झोपाळ्यावरून घसरली आणि स्वतःलाच हसली, तेव्हा त्याने 'ओला पत्रा' असं सांगितलं. तिने ते जसंच्या तसं उतरवलं. आणखी दहा दिवसांनी, कोणीतरी लांब कोंबडीला हाकलत आहे असं. मग पाच दिवस पुन्हा पत्रा, आणि त्या पाच दिवसांत तिला रोज वाटायचं की नसेतली ती जागा आता कायमची बुजली आहे. कोणाला काही सांगितलं नाही.

अडतिसाव्या दिवशी ती ऑफिसातून परस्पर दुकानात गेली. पुंडलिक पाठमोरा बसून मोटर उघडत होता. दुकानात शिरता शिरता तिला भिंतीवर काहीतरी वेगळं दिसलं. दुसरा प्लग. नवा, पांढरा, थोडा तिरका बसवलेला, आणि त्याच्यावर खडूने लिहिलेलं: 'वापरू नये'.

तिला हसू आलं. आलं ते नाकातून आलं, थांबवता आलं नाही.

पुंडलिक वळला नाही. पाठमोराच, हातात पेचकस तसाच धरून, तोही हसायला लागला.

कुमुदिनीने आधी समोर कुठे आरसा आहे का पाहिलं. मग कूलरच्या टाकीचा चकचकीत पत्रा आहे का, काच आहे का. काही नव्हतं. समोर नुसती भिंत होती.

घरी जाऊन तिने तारीख लिहिली. कशाला हसले: प्लग. यांना काय ऐकू आलं, या रकान्यात ती पेन धरून बराच वेळ बसली, मग तिने लिहिलं, मी. खाली दोन ओळी कोऱ्या होत्या. तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या तशाच ठेवून वही मिटली.